जगातले सर्वांत जुने राष्ट्रध्वज आणि चंद्र-ताऱ्याचा खरा इतिहास

दरवर्षी ऑगस्ट जवळ आला की शाळेत झेंड्यांचा प्रकल्प निघतो. मुलं तक्ते रंगवून आणतात आणि मग प्रश्न सुरू होतात. "सर, सर्वांत जुना झेंडा कोणता?" "तुर्कस्तानच्या झेंड्यावर चंद्र आहे, म्हणजे तो इस्लामचा झेंडा का?" आणि एखादं मूल हळूच विचारतं, "आमच्या मोहल्ल्यात ईद-ए-मिलादला लावतात तो झेंडा पाकिस्तानचा असतो, असं मित्र म्हणतो. खरं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत मिळतं. बाकीच्या दोघांचं सहसा मिळत नाही, आणि तीच उत्तरं आपल्या मुलांना जास्त गरजेची आहेत. म्हणून जगातल्या टिकून राहिलेल्या झेंड्यांची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी झेंडा, मग राष्ट्र

झेंडा ही फार जुनी गोष्ट, पण 'राष्ट्रध्वज' ही कल्पना त्या मानाने नवी. पूर्वी झेंडा राजाचा, घराण्याचा किंवा लष्कराचा असे. धुळीने भरलेल्या रणांगणात आपली माणसं कुठे आहेत हे कळावं, हा त्याचा मुख्य उपयोग. समुद्रात जहाज कोणाचं हे लांबून ओळखण्यासाठीही झेंडाच लागे. आजचे कितीतरी राष्ट्रध्वज आधी जहाजांवर चढले आणि नंतर जमिनीवर आले.

इस्लामी इतिहासातही झेंड्याची जागा अशीच आहे. अरबीत त्याला 'राया' आणि 'लिवा' म्हणत, उर्दूत आपण 'परचम' किंवा 'अलम' म्हणतो. हिजरी ८ मध्ये, म्हणजे इ.स. ६२९ ला, मूताच्या लढाईत हजरत जैद बिन हारिसा (रजि.) शहीद झाल्यावर झेंडा हजरत जाफर (रजि.) यांनी घेतला. त्यांचे दोन्ही हात तोडले गेले तरी त्यांनी तो छातीशी धरून ठेवला, अशी रिवायत आहे. त्यांच्यानंतर हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) आणि शेवटी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी तो सांभाळला. झेंडा पडला की फौज विखुरते, म्हणून हा सगळा जीव तोडून केलेला आटापिटा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. नबी-ए-करीम (स.) यांच्या काळातल्या झेंड्यांचं वर्णन हदीसच्या किताबांत काळा आणि पांढरा असं येतं. त्यावर चंद्र-तारा असल्याचा उल्लेख नाही. पुढे अब्बासी खलिफांनी काळा रंग आपला मानला. चंद्र-तारा मुसलमानांच्या झेंड्यावर आला तो बऱ्याच शतकांनंतर. ती हकीकत पुढे येईलच.

डेन्मार्क: सर्वांत जुना मानला जाणारा झेंडा

आजही वापरात असलेला आणि सर्वांत जुना मानला जाणारा राष्ट्रध्वज डेन्मार्कचा. लाल जमीन, त्यावर पांढरा क्रॉस. त्याला 'डॅनेब्रोग' म्हणतात. दंतकथा अशी की १५ जून १२१९ रोजी, आज इस्टोनियात असलेल्या टॅलिनजवळ, राजा वाल्देमार दुसरा याची लढाई हरत आली असताना हा झेंडा आकाशातून खाली पडला आणि लढाईचं पारडं फिरलं.

ही गोष्ट लिहिलेली सापडते ती मात्र सोळाव्या शतकात, म्हणजे लढाईनंतर जवळपास तीनशे वर्षांनी. त्यामुळे इतिहासकार तिला दंतकथाच मानतात. झेंडा जुना आहे याचा पुरावा वेगळा आहे. चौदाव्या शतकातल्या, राजचिन्हांची चित्रं असलेल्या एका हस्तलिखितात डेन्मार्कच्या राजाच्या चिन्हासोबत हा लाल-पांढरा झेंडा काढलेला आहे. याचा अर्थ, आकाशातून पडल्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी झेंड्याचं वय सहाशे वर्षांच्या वर जातंच.

मजेची गोष्ट म्हणजे हा झेंडा फार काळ सामान्य माणसाचा नव्हता. तो राजाचा, लष्कराचा आणि जहाजांचा होता. १८३४ साली खासगी लोकांना तो लावायची चक्क बंदी झाली, ती १८५४ मध्ये उठली. आज मात्र डेन्मार्कमध्ये घरातल्या वाढदिवसालाही छोटे झेंडे लावतात, अगदी केकवरसुद्धा. झेंडा टिकला तो लोकांच्या घरात शिरल्यामुळे, असं म्हटलं तर चुकणार नाही. शेजारच्या स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलँड यांच्या झेंड्यांवरचा आडवा क्रॉस याच झेंड्यावरून आला.

ऑस्ट्रिया आणि नेदरलँड्स

ऑस्ट्रियाच्या लाल-पांढऱ्या-लाल पट्ट्यांची दंतकथा थेट सलीबी जंगांशी जोडलेली आहे. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांच्या काळात, ११९१ साली, अक्का शहराच्या वेढ्यात ड्यूक लिओपोल्ड पाचवा लढत होता. त्याचा पांढरा अंगरखा रक्ताने लाल झाला, फक्त कमरपट्ट्याखालची जागा पांढरी राहिली, त्यावरून हे रंग आले, अशी ती गोष्ट. हीसुद्धा दंतकथाच. पक्का पुरावा म्हणजे १२३० सालची ड्यूक फ्रेडरिक दुसरा याची मोहोर. देशाचा झेंडा म्हणून तो १९१८ मध्ये आला आणि १९३८ ते १९४५ या काळात हिटलरच्या राजवटीत उतरवला गेला. रंग आठशे वर्षांचे, पण झेंड्याचा प्रवास सलग नाही.

नेदरलँड्सचा तिरंगा सोळाव्या शतकात स्पेनविरुद्धच्या लढ्यात पुढे आला. आधी तो नारिंगी, पांढरा, निळा होता. सतराव्या शतकात नारिंगीची जागा लाल रंगाने घेतली. कोणता रंग खरा यावर वाद चालूच राहिला आणि शेवटी १९३७ मध्ये राणी विल्हेल्मिना यांनी आदेश काढून लाल, पांढरा, निळा हे रंग कायम केले. आडव्या किंवा उभ्या तीन पट्ट्यांच्या झेंड्यांची जगभर जी रांग दिसते, तिच्या सुरुवातीला हा झेंडा आहे.

तुर्कस्तान: राज्य गेलं, झेंडा राहिला

आता चंद्र-ताऱ्याकडे येऊ. हे चिन्ह इस्लामपेक्षा जुनं आहे. आजचं इस्तंबूल म्हणजे पूर्वीचं बायझँटियम. तिथल्या इ.स.पूर्व काळातल्या नाण्यांवर चंद्रकोर आणि तारा दिसतात. इराणच्या सासानी बादशहांच्या नाण्यांवरही ते आहेत. मुसलमानांनी इराण जिंकल्यावर सुरुवातीला तीच नाण्यांची पद्धत काही काळ चालू ठेवली, तीही त्या चिन्हांसकट.

उस्मानी सल्तनतीत लाल झेंड्यावर चंद्र-तारा पक्का झाला तो १७९३ मध्ये, सुलतान सलीम तिसरे यांच्या काळात, आणि तोही आरमारासाठी. तेव्हाच्या ताऱ्याला आठ टोकं असत. १८४४ साली, सुलतान अब्दुल मजीद यांच्या काळात, पाच टोकांचा तारा आला आणि तो सल्तनतीचा झेंडा झाला. १३८९ च्या कोसोवोच्या लढाईत रक्ताच्या थारोळ्यात चंद्र-ताऱ्याचं प्रतिबिंब दिसलं, ही गोष्ट तुर्कस्तानात मुलांना सांगतात. डेन्मार्कच्या गोष्टीसारखीच ही पण दंतकथा.

खरी विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. १९२२ मध्ये सल्तनत संपली. १९२३ मध्ये प्रजासत्ताक आलं. १९२४ मध्ये खिलाफत बरखास्त झाली. १९२५ मध्ये फेज टोपीवर बंदी आली आणि १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली. मुस्तफा कमाल यांनी जुनं जवळजवळ सगळं बदललं, झेंडा मात्र तोच ठेवला! १९३६ च्या कायद्याने फक्त त्याची मापं ठरवली. धर्माला सरकारी कारभारातून बाजूला काढणाऱ्या राज्याने चंद्र-तारा ठेवला, कारण त्यांच्या लेखी तो धर्माचं चिन्ह नव्हता, तुर्की लोकांच्या देशाची ओळख होता.

ट्युनिशिया: गुलामीतही टिकलेला

उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियाचा झेंडा १८३१ च्या सुमाराचा. लाल जमीन, मधे पांढरं वर्तुळ, त्यात लाल चंद्र-तारा. तिथले शासक हुसेन बे दुसरे यांनी तो आपल्या जहाजांसाठी घेतला. ट्युनिशिया तेव्हा नावाला उस्मानी सत्तेखाली होता, म्हणून साम्य दिसतं. १८८१ ते १९५६ पर्यंत फ्रान्सचा ताबा होता, तरी हा झेंडा पुसला गेला नाही. स्वातंत्र्यानंतर तोच राष्ट्रध्वज झाला.

बाकीचे चंद्र-ताऱ्याचे झेंडे त्यामानाने नवे. अझरबैजानचा १९१८ चा, सोव्हिएत काळात गेला आणि १९९१ मध्ये परत आला. पाकिस्तानचा १९४७ चा, अल्जीरियाचा १९६२ चा. दुसरीकडे, सर्वांत जास्त मुसलमान ज्या देशात राहतात त्यांच्यापैकी एक, इंडोनेशिया. त्याच्या झेंड्यावर चंद्र नाही, नुसते लाल आणि पांढरे दोन पट्टे आहेत. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर कलमा आणि तलवार आहे, चंद्र नाही. त्यावर कलमा असल्याने तो दुखवट्यातही अर्ध्यावर उतरवत नाहीत. मक्का-मदिना ज्या देशात आहेत त्याच्या झेंड्यावर चंद्र नाही, एवढं सांगितलं तरी मुलांना मुद्दा कळतो.

मग मोहल्ल्यातला हिरवा झेंडा?

आपल्याकडे मिलाद, उर्स, मोहरम या दिवसांत दर्ग्यावर, गल्लीत, घरांवर हिरवे झेंडे लागतात. त्यावर चंद्र-तारा असतो, कधी गुंबद-ए-खिजराचं चित्र असतं. कोणीतरी फोटो काढतं, तो मोबाईलवर फिरतो आणि "पाकिस्तानचा झेंडा लावला" अशी बोंब होते. कधी प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जातं आणि दहावी-बारावीच्या पोरांना तिथे बसावं लागतं. निकाल काही लागो, त्या पोराच्या मनातली भीती जात नाही.

फरक साधा आहे. पाकिस्तानच्या झेंड्यात दांड्याच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो, एकूण लांबीच्या एक चतुर्थांश. उरलेल्या हिरव्या भागात पांढरा चंद्र-तारा. संपूर्ण हिरवा किंवा काठाला झालर लावलेला झेंडा हा कोणत्याही देशाचा नाही. हे समोरच्याला न चिडता सांगता आलं पाहिजे. आणि झेंडे विकत आणताना आपणही डोळे उघडे ठेवायला हवेत. पांढऱ्या पट्ट्याचा झेंडा अज्ञानानेही कोणी आणू नये, ही मोहल्ल्यातल्या जाणत्यांची जबाबदारी आहे.

आपला तिरंगा

चंद्रकोर आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या झेंड्यावरही होती. मादाम भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्ट इथे जो झेंडा फडकवला, त्यावर कमळं होती आणि खालच्या पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर. तो झेंडा पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. पुण्याला सहल गेली तर मुलांना जरूर दाखवावा.

आजच्या तिरंग्याचा विचार करायला १९४७ च्या जूनमध्ये समिती बसली, तिचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद होते. सदस्यांत मौलाना अबुल कलाम आझाद आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तो स्वीकारला, तेव्हा पाठिंबा देणाऱ्यांत मुस्लिम सदस्यही उभे राहून बोलले होते. तिरंग्याचे रंग कोणा एका धर्माचे नाहीत, हे काँग्रेसने १९३१ मध्येच स्पष्ट केलं होतं. तिरंग्यासाठी लागणारी खादी तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या केंद्रांत आपल्या मराठवाड्यातलं नांदेड आहे, हेही मुलांना सांगावं.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासाठी

- डेन्मार्क: दंतकथा १२१९ ची, चित्रातला पुरावा चौदाव्या शतकाचा.
- ऑस्ट्रिया: रंगांचा पुरावा १२३० चा, राष्ट्रध्वज १९१८ पासून, मधे सात वर्षं खंड.
- नेदरलँड्स: सोळावं शतक, आजचे रंग १९३७ मध्ये कायम.
- तुर्कस्तान: आरमारासाठी १७९३, पाच टोकांचा तारा १८४४, मापं १९३६.
- ट्युनिशिया: १८३१ च्या सुमारास.
- भारत: २२ जुलै १९४७.

या सगळ्यांत एक धागा सारखा आहे. जे झेंडे टिकले, त्यांच्या मागे गोष्टी कितीही रंगवून सांगितल्या गेल्या असोत, टिकले ते लोकांनी आपले मानले म्हणून. राजे गेले, खलिफा गेले, परके राज्यकर्ते आले आणि गेले. आपल्या तिरंग्यालाही अजून शंभर वर्षं झालेली नाहीत. तो जितका कोणाचा आहे तितकाच आपला आहे. येत्या १५ ऑगस्टला मुलांना शाळेत पाठवताना ही माहिती त्यांच्यासोबत द्या, म्हणजे कोणी प्रश्न विचारला तर मान खाली न घालता ती उत्तर देतील, इन्शाअल्लाह.