वाहनांच्या बदली पत्र्यांचे गंजसंरक्षण
अपघातात चेपलेला मडगार्ड, दरवाजा किंवा बॉनेट बदलल्यावर नवा पत्रा गंजू नये यासाठी केलेले लेपन. नवा पत्रा बहुधा काळ्या अस्तरासह येतो. ते विद्युत्-लेपनाचे असेल तर टिकाऊ. थिनरच्या बोळ्याने सुटले, तर वाहतुकीपुरते समजून खरवडून काढावे व इपॉक्सी प्रायमर मारावा. खरा धोका सांध्यांना : वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला लेप जळतो. म्हणून जोडकडांवर आधी जस्तयुक्त प्रायमर देतात. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते. मग सांध्यांत सीलर भरतात आणि रंगकामानंतर पोकळीत मेण फवारतात. नजरेआड असल्याने गॅरेजमध्ये अनेकदा नेमकी हीच पायरी गाळली जाते. कोकणच्या खाऱ्या हवेत ती टाळणे महागात पडते. दरवाजाच्या तळाची निचऱ्याची छिद्रे मात्र मेणाने बुजू देऊ नयेत.