क्रुसाच्या वाटेचीं चौदा स्थानें : एक कालविचार

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून किनाऱ्यानें उत्तरेस गेल्यास कोर्लई, चौल, वसई येथें फिरंगी अमदानींतील ख्रिस्तमंदिरांचे अवशेष लागतात. या किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या कॅथॉलिक मंदिरांत येशूच्या क्रुसयात्रेचीं चौदा स्थानें कोरलेलीं दिसलीं, कीं तें शिल्पही मंदिराइतकेंच जुनें मानण्याचा मोह होतो. तो आवरावा, असें आम्हांस वाटतें.

बोरिवलीनजीकचें मंडपेश्वराचें शैव लेणें पाहावें. सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन साधूंनीं तें प्रार्थनामंदिर केलें. तेथील भिंतींत खोदलेला भव्य क्रूस आजही दिसतो. लेण्याच्या वयावरून क्रुसाचें वय ठरत नाहीं. हाच न्याय चौदा स्थानांस लागू आहे.

या स्थानांची संख्या आरंभीं स्थळपरत्वें कमीजास्त असे. इ. स. १६८६ त पोप अकराव्या इनोसंटनें तीं आपल्या मंदिरांत स्थापण्याचा अधिकार फ्रान्सिस्कनांस दिला. १७३१ त बाराव्या क्लेमेंटनें संख्या चौदा ठरवून इतर मंदिरांसही ती मोकळीक दिली. पुढें आठच वर्षांनीं, मे १७३९ मध्यें, चिमाजीआप्पांनीं वसई घेतली. तहांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस स्वधर्माचरणाची मुभा होती.

तेव्हां वसई प्रांतांत चौदा स्थानांची पूर्ण मालिका आढळल्यास ती बहुधा १७३१ नंतरची, व पुष्कळदां फिरंगी सत्ता गेल्यानंतरची समजावी. स्वतंत्र लेखी पुरावा नसतां तिचें श्रेय फिरंग्यांस देणें म्हणजे मागें राहिलेल्या एतद्देशीय ख्रिस्ती समाजाच्या खात्यांतील जमा दुसऱ्याच्या नांवें लिहिणें होय.