शेतकरी आठवडे बाजार

शेतकऱ्याने किंवा शेतकरी गटाने आपला भाजीपाला, फळे व धान्य अडत्याविना थेट गिऱ्हाइकाला विकावे, यासाठी शहरात ठरलेल्या वारी भरणारा बाजार. गावोगावचे आठवडे बाजार जुनेच आहेत. तिथे शेतकऱ्यांच्या शेजारी व्यापारीही बसतात. या नव्या बाजारात मात्र विकणारा स्वतः पिकवणारा असावा, अशी अपेक्षा असते.

पंजाबातील अपनी मंडी (१९८७), आंध्र प्रदेशातील रयतु बाजार आणि तमिळनाडूतील उळवर संधै (दोन्ही १९९९) हे याआधीचे प्रयोग. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने शेतमालाचा घाऊक व्यवहार बाजार समित्यांकडे होता. जुलै २०१६ मध्ये समितीच्या आवाराबाहेरील फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला. त्याच वर्षी राज्याने या बाजारांसाठी संत सावता माळी यांच्या नावाने अभियान काढले. अरण गावी मळा करणाऱ्या या संताचे नाव याहून कुठे शोभले असते?

नेहमीच्या साखळीत संध्याकाळी काढलेली मेथी रात्री टेम्पोत चढते, पहाटे लिलावात निघते आणि घाऊक व किरकोळ विक्रेत्यांकडून दुपारी हातगाडीवर येते. प्रत्येक चढ-उतारात जुड्या दबतात, पाने पिवळी पडतात. भाव पडलेला असला की भाडे, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या पट्टीवर फारसे काही उरत नाही. कधी गाडीभाडेच अंगावर येते. थेट विक्रीत हीच मेथी ओल्या गोणपाटाखाली येते आणि बहुधा त्याच दिवशी खपते.

अंतर कमी म्हणजे प्रदूषण कमी, हा दावा मात्र सरसकट टिकत नाही. चार क्रेट घेऊन निघालेल्या पिकअपला किलोमागे भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त डिझेल लागू शकते. त्यामुळे पाच-सहा जणांचा माल एकाच गाडीत आणणारे गट इथे तग धरतात. पर्यावरणाचा खरा फायदा नासाडी टळण्यात आहे.

सगळ्यात अवघड काम विक्रेत्याची पारख. गिऱ्हाइकाला सगळ्या भाज्या एकाच जागी हव्या असतात, म्हणून काही जण स्वतः न पिकवलेला माल मार्केट यार्डातून उचलून मांडतात. पुण्यातल्या ‘शेतकऱ्या’च्या पाटीवर काश्मिरी सफरचंदे दिसली, की वेगळ्या चौकशीची गरज राहत नाही. ऐन पेरणी-काढणीत बाजारासाठी अख्खा दिवस मोडणेही एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. मग गटातला एक जण सगळ्यांचा माल विकतो आणि हिशेब रात्री गावात होतो.