‘सिल्व्हर घोस्ट’ (१९०७) : पुनरुद्धारित मोटारीचे ऐतिहासिक प्रामाण्य

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार हे बेभरवशाचे यंत्र मानले जाई. या पार्श्वभूमीवर इंग्लंडमधील रोल्स-रॉइस कंपनीने १९०७ मध्ये आपल्या ४०/५० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरच्या मोटारीवर बार्कर कंपनीकडून उघड्या टूरिंग पद्धतीची बॉडी चढवून घेतली. चंदेरी रंगाच्या या मोटारीला व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव दिले. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ती १५,००० मैल चालविण्यात आली. त्यानंतर तिचे भाग सुटे करून झीज तपासली गेली. बदलाव्या लागलेल्या भागांचा खर्च दोन पौंडांहून किंचितच अधिक भरला.

१९०८ मध्ये विकली गेलेली ही मोटार १९४८ मध्ये कंपनीकडे परतली. पुढे १९८९ ते १९९१ या काळात तिचा पुनरुद्धार करण्यात आला. तथापि, पुनरुद्धारात मूळ रूप परत येते, तशा वापराच्या खुणा पुसल्याही जातात. आणि त्या खुणा हेही इतिहासाचे साधनच होय. १९०७ च्या परीक्षकांनी झिजलेल्या भागांची नोंद केली होती. तशीच बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद जतन झाली, तरच पुनरुद्धारित मोटार शोभेची वस्तू न राहता विश्वसनीय ऐतिहासिक पुरावा ठरते.