'एररनो' आणि त्याचे शून्य

आज्ञावलीतील एखादे काम फसले, तर त्याची वार्ता ते सांगणाऱ्याकडे कशी पोहोचवावी, हा प्रश्न प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेपुढे उभा राहिला. सी भाषेने त्याला दिलेले उत्तर म्हणजे 'एररनो' हा एक सार्वत्रिक पूर्णांक होय. त्याचे मूळ मात्र भाषेपेक्षा युनिक्स प्रणालीत शोधावे लागते. पीडीपी-११ यंत्रावरील युनिक्समध्ये गाभ्याकडे केलेली मागणी फसली, की 'कॅरी' बिट चढविला जाई व त्रुटीचा क्रमांक एका रजिस्टरात ठेवला जाई. ग्रंथालयातील एक छोटा भाग तो क्रमांक 'एररनो'मध्ये उतरवी आणि उणे एक परत करी. मागणी सफल झाल्यास या भागाला कामच नसे. 'एररनो'तील जुना अंक तसाच राही.

यंत्राच्या सोयीतून निघालेली ही रीत १९८९ च्या अमेरिकी मानकाने नियमबद्ध केली. आरंभी 'एररनो' शून्य असतो. त्यानंतर कोणतेही ग्रंथालय-फंक्शन तो शून्य करीत नाही. इतकेच नव्हे, तर काम सफल होऊनही त्यात अंक उरू शकतो.

या शेवटच्या सवलतीचा परिणाम विनोदी, परंतु तापदायक झाला. मजकूर बाहेर टाकताना ग्रंथालय प्रथम समोर टर्मिनल आहे काय हे तपासी. नसल्यास 'एररनो'त 'हा टाइपरायटर नव्हे' या अर्थाचा क्रमांक राही. परतीचे मूल्य न पाहता केवळ 'एररनो' वाचणाऱ्या आज्ञावल्या मग भलत्याच प्रसंगी हा संदेश छापीत. टपाल का पोहोचले नाही, याचे कारण म्हणूनही तो वाचकांस मिळाला! दोष येथे वाचणाऱ्याचा, असेच म्हटले पाहिजे.

'स्ट्रटॉल'ची गोष्ट निराळी. अक्षरांतून आलेली संख्या मर्यादेबाहेर गेली, तर हे फंक्शन सर्वांत मोठी धन वा ऋण संख्या परत करते. पण तीच संख्या खरोखर लिहिलेलीही असू शकते. तेव्हा परतीच्या मूल्यावरून निर्णय होत नाही. आधी 'एररनो' स्वहस्ते शून्य करणे, हाच उपाय उरतो.

एकाच आज्ञावलीत अनेक धागे एकत्र चालू लागल्यावर एका धाग्याची त्रुटी दुसऱ्याने पुसण्याचा धोका निर्माण झाला. १९९५ च्या पॉझिक्स विस्ताराने प्रत्येक धाग्यास स्वतंत्र 'एररनो' दिला. मानकाने त्यास मॅक्रो होण्याची मुभा आधीच दिलेली असल्यामुळे जुन्या आज्ञावल्यांचा मजकूर बहुधा बदलावा लागला नाही. स्वतःच 'एररनो'ची घोषणा करणाऱ्या तेवढ्या अडल्या.