फ्रिजच्या आधी टोमॅटो कसा टिकायचा?

बाजारात भाव पडला की टोमॅटोच्या क्रेट रस्त्याच्या कडेला ओतलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. कांदा चाळीत थांबतो, ज्वारी कणगीत थांबते; टोमॅटो मात्र थांबत नाही, म्हणून मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. त्याला चार दिवस जास्त थांबवायचं कसं, हे माणसाला कसकसं उमगत गेलं, ते आज सांगणार आहोत.

टोमॅटोचं रानटी मूळ दक्षिण अमेरिकेत, पण शेतात तो रुळला मेक्सिकोत. तिथले लोक त्याला ‘शितोमात्ल’ म्हणत. सोळाव्या शतकात साहागुन नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूनं तिथल्या लोकांकडून त्यांच्या बाजाराची माहिती लिहून घेतली. त्यात टोमॅटो विकणाराही आहे. चांगला विक्रेता मोठे, छोटे, तऱ्हेतऱ्हेचे टोमॅटो मांडतो आणि वाईट विक्रेता दबलेले, नासके, पोट बिघडवणारे गळ्यात मारतो, असं त्यात आहे. म्हणजे नासक्या टोमॅटोची कटकट निदान साडेचारशे वर्षांची जुनी!

पोर्तुगीजांमार्फत तो आपल्याकडे आला असं मानतात. बंगालीत त्याला ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगं, म्हणतात. आपल्याकडेही कुठे वेलवांगी, कुठे भेदरं.

टिकवण्याची खरी युक्ती दिसते ती इटलीत, नेपल्सजवळ, व्हेसुव्हियस या ज्वालामुखीच्या उतारावर. तिथे जाड सालीचे, टोकदार बुडाचे छोटे टोमॅटो पिकतात. उन्हाळ्यात ते घोसासकट तोडायचे, दोरीवर एकाला एक लावून मोठा झुबका करायचा आणि हवेशीर जागी टांगायचा. हे टोमॅटो थंडी सरेपर्यंत घरात पुरतात. स्पेनच्या कॅटलोनियातही टांगून ठेवायचं वेगळं वाण आहे. हे बियाणं पिढ्यान्‌पिढ्या कुणी निवडत आणलं, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

टांगल्यानं काय होतं? टोमॅटोच्या सालीला श्वासाची छिद्रं नसतात. हवा आणि ओलावा बहुतेक देठाच्या खोबणीतूनच ये-जा करतात. देठ उपटला की ते दार उघडं पडतं. पाणी उडतं, बुरशी शिरते. घोसावर राहिलेल्या टोमॅटोचं दार बंदच असतं. म्हणूनच देठ नसलेला टोमॅटो टोपलीत खोबण खाली करून ठेवावा.

दुसरं कोडं सुटलं ते दिव्यांच्या गॅसमुळे. त्या काळी रशियात रस्त्यावर गॅसचे दिवे असत. 1901 मध्ये नेल्युबोव या तरुण शास्त्रज्ञानं दाखवलं, की त्या गॅसमधल्या इथिलीनमुळे वाटाण्याची रोपं वाकडीतिकडी वाढतात. 1934 मध्ये गेन या इंग्रज शास्त्रज्ञानं सिद्ध केलं, की पिकणारं फळ स्वतःच इथिलीन सोडतं. आंब्याची आढी घालणाऱ्या आपल्या आज्यांना गॅसचं नाव ठाऊक नव्हतं, पण एक नासका आंबा आढी नासवतो हे पक्कं ठाऊक होतं. टोमॅटोचंही तसंच. पिकलेल्या केळ्यांजवळ ठेवला तर लवकर पिकतो; एक फुटका निघाला तर तो त्याच दिवशी भाजीत घालावा.

मग आला फ्रिज. त्यात कच्चा टोमॅटो ठेवला तर थंडीनं दुखावतो आणि पुढे नीट पिकत नाही. पिकलेला सडत नाही, पण चव जाते. 2016 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेल्या टोमॅटोत वास तयार करणारी जनुकंच मंदावतात. म्हणून अगदी पिकून हाताबाहेर चाललेलाच टोमॅटो फ्रिजमध्ये जावा. आमच्या मते ज्या घरी फ्रिज नाही, तिथे टोमॅटोचं फारसं अडत नाही.

गारवा मात्र हवा, आणि तो मातीतून मिळतो. उत्तर नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी 1990 नंतरच्या दशकात मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली, वर ओलं फडकं टाकलं. आपल्या माठाचंच तत्त्व! उन्हात दोन-तीन दिवसांत जाणारा माल त्यात तीन आठवड्यांपर्यंत राहू लागला. तिथे रोज बाजारात माल विकायला मुलींना पाठवत. माल टिकल्यावर रोजची फेरी टळली, मुलींना शाळेला वेळ मिळाला. 2000 साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं 1980 नंतर हीच गोष्ट विटांत बसवली. सावलीत विटांची दुहेरी भिंत, मधे तीन इंच ओली वाळू, वर गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण, सकाळ-संध्याकाळ पाणी. विजेचा खर्च नाही. गटानं मिळून बांधायला ही चांगली. मात्र हे सगळं कोरड्या हवेत चालतं. कोकणातल्या पावसाळ्यात पाणी उडतच नाही, मग गारवा कुठला? त्या दिवसांत न धुता, एकेरी थरात, वारा खेळेल अशा शिंकाळ्यात किंवा टोपलीत ठेवा आणि रोज एकदा हात फिरवून बघा.