बारामती-इंदापूर भागांतील घरगुती कोठार-व्यवस्था

जुनीं दप्तरें चाळतांना सनदा, महजर व निवाडपत्रें वेगळीं काढावयाचीं आणि कोठीच्या याद्या व शिधाखर्चाचे कागद पुन्हां रुमालांत बांधून टाकावयाचे, हा दोष आमच्याही हातून घडला आहे. बारामतीस नाइकांच्या आश्रयानें मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले. त्यांच्या आर्यांविषयीं केवढा खल झाला! परंतु अशा वाड्याचा शिधा ज्या कोठींतून निघे तिची मांडणी कशी असे, हें क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः कऱ्हा, नीरा व भीमा यांच्या कांठच्या या अवर्षणी मुलखांत घरें कशीं तगलीं, याचें उत्तर बरेंचसें त्या कोठींत आहे.

देशावरील जुन्या घरांत जिन्नस जितका पुढच्या काळासाठीं, तितका तो चुलीपासून दूर ठेवीत. दूध, दहीं, लोणी मांजराच्या भयानें शिंक्यावर. डाळ, मीठ, मसाला उतरंडींत, मोठें मडकें तळाशीं व लहान वर. सालाचा दाणा शेणमातीनें लिंपलेल्या कणगींत. कणगीला तळाशीं छिद्र ठेवून तें बोळ्यानें बंद करीत. वरून नवें धान्य भरलें तरी खालून जुनेंच आधीं निघे. मोठ्या वाड्यांत हेंच काम बळद करी.

त्याहून पुढच्या सालांचे जोंधळे पेवांत. पेव कोरड्या, टणक मुरमाच्या जागीं खणीत. तोंड माणूस उतरेल एवढेंच, पोट मात्र रांजणासारखें रुंद. आंत जाळ करून ओल मारीत, कडबा व भूस यांचें अस्तर देत, आणि धान्य भरल्यावर तोंड फरशीनें व मातीनें बंद करीत. आंतील हवा दाण्याच्या श्वसनानेंच विटते व किडा जगत नाहीं. त्याच कारणानें पेव उघडतांच उतरणें म्हणजे मृत्यूस बोलावणें. म्हणून आधीं दिवा सोडून पाहण्याची चाल होती. पाणी शिरलें कीं सर्व नासलें. सांगलीजवळच्या हरिपूरचीं हळदीचीं पेवें २००५ च्या महापुरांत अशींच गेलीं. ‘पेव फुटणें’ हा वाक्प्रचार आज जे बोलतात, त्यांतील किती जणांनीं पेव पाहिलें असेल?

राज्यकर्त्यांसही ही चिंता होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडावरील धान्यगृहांस अग्नि, उंदीर व वाळवी यांचा उपद्रव होऊं नये अशी ताकीद आहे. राजव्यवहारकोशांत तर खाद्यपेयादि पदार्थांचा भोग्यवर्ग स्वतंत्रच आहे.

ही व्यवस्था मोडली कशी? इंदापूर तालुक्यांत प्रिंगलचे धारे इतके जड झाले कीं रयत गांवें सोडून गेली, आणि १८३५-३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांना मोजणी व धारे नव्यानें बांधावे लागले. धारा रोकड द्यावयाचा म्हणजे दाणा हंगामांतच विकावयाचा. तो पेवांत जाण्याऐवजीं खळ्यावरून वाण्याच्या दुकानीं गेला, असें आमचें अनुमान आहे. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारीं जो दंगा झाला त्यांत सावकारांच्या वह्या व रोखे जाळले गेले हें प्रसिद्ध आहे. पण त्याच वेळीं धान्याचीं दुकानेंही लुटलीं गेलीं, याचा अर्थ कोणी फारसा लावीत नाहीं. घरच्या कणग्या भरलेल्या असत्या तर दुकान कशाला लुटावें? पुढच्याच सालीं, १८७६ मध्यें, महादुष्काळ आला.

नीरेच्या डाव्या कालव्यानंतर या भागांत ऊंस आला, शाळू मागें हटला. १९७२ च्या दुष्काळांत लोकांनीं सुकडी व परदेशी मिलो खाल्ला. आज घरोघरीं शीतकपाट आहे. त्यांत आठवड्याचा भाजीपाला टिकतो, सालाचा दाणा नव्हे.

आमच्या अनुमानास अजून कागदाचा आधार हवा. शके १७९० ते १८०० मधील सुपें, बारामती किंवा इंदापूर येथील एखादी कोठीची यादी, मग ती कितीही क्षुल्लक दिसो, कोणा संग्राहकापाशीं असल्यास तिची नक्कल द्यावी. खंडी, मण, पायली हे आंकडे जुळवतांना ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण व २० मणांची खंडी धरावी. परंतु गांवोगांव शेर निराळा असल्यानें यादीचें गांव अवश्य कळवावें.